मक्याच्या पोंग्यातली अळी: फवारायचं कधी, थांबायचं कधी?

रानवारा
मका गुडघ्याएवढा झालाय. आधी पानांवर पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसत होते. आता पानांना मोठी वेडीवाकडी भोकं पडलीयत आणि पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) ओल्या भुशासारखं काहीतरी साचलंय. काही झाडांवर मात्र वेगळंच दिसतंय: उलगडलेल्या पानावर आडव्या ओळीत बारीक, गोल भोकं. त्यातल्या दोन-तीन झाडांचा मधला पोंगा वाळलाय आणि ओढला की हातात येतो.

एक जण म्हणतो तीन औषधं एकाच पंपात मिसळून मार. दुसरा म्हणतो काहीच करू नकोस, मका आपोआप सावरतो. दोघंही अनुभवी आहेत, म्हणून जास्तच गोंधळ झालाय. ही एकच कीड आहे की दोन? आणि फवारणीची वेळ खरंच आलीय का, हे कशावरून ठरवायचं?

कीटकवाचक
वर्णनावरून दोन किडी आहेत.

भुशासारखी विष्ठा आणि फाटकी पानं हे नवीन लष्करी अळीचं काम, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. पोंगा हळूच उलगडून अळी बाहेर काढा आणि डोकं बघा. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ असते. शेपटाकडून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. दोन्ही खुणा असतील तर शंका नको. अगदी लहान अळीत त्या नीट दिसत नाहीत, तेव्हा जरा मोठी अळी शोधा.

आडव्या ओळीतली बारीक भोकं आणि सहज उपटून येणारा वाळका पोंगा ही खोडकिड्याची लक्षणं. लहान असताना तो गुंडाळलेल्या पानाला आरपार भोक पाडतो आणि पान उलगडलं की त्या एका भोकाची ओळ झालेली दिसते. नंतर तो खोडात शिरतो. एकदा आत गेला की वरून कितीही फवारा, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. पोंगेमर झालेली झाडं उपटून नष्ट करा, ती आता कणीस देणार नाहीत.

तिसरी एक जुनी लष्करी अळीही असते, मिथिम्ना. ती पान कडेकडून खाते आणि मधली शीर ठेवते. दिवसा मातीत किंवा पोंग्यात लपते. तुमच्याकडे ती वाटत नाही.

दोनपंप
एवढा अभ्यास कशाला? इमामेक्टिन बेंझोएट मारा आणि विषय संपवा.

पोंगापंडित
(नावावर जाऊ नका, शेतकरीच आहे.)

दोनपंप भाऊ, औषध बरोबर आहे. पण ते किती झाडांसाठी मारायचं, हे आधी ठरवायला हवं.

रानवारा, शेतात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चाला. बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडा, कारण कडेला प्रादुर्भाव नेहमी वेगळा असतो. पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी ओळीनं २० झाडं बघा. झाड निवडू नका. आपला डोळा खराब झाडाकडेच जातो आणि आकडा फुगतो. मोजायचं ते ताजं नुकसान: नवीन चट्टे, ओली विष्ठा. जुनं फाटलेलं पान मोजलं तर आठवड्यापूर्वीच मेलेल्या किंवा कोषात गेलेल्या अळीवर औषध ओताल.

एकूण १०० झाडांत ताजं नुकसान पाचेक झाडांवर असेल तर निंबोळी अर्क किंवा जैविक बुरशी (अळीला रोग लावून मारणारी) पुरते. १० ते २० झाडांवर असेल आणि पीक पोंग्याच्या अवस्थेत असेल तर रासायनिक फवारणीचा विचार. तुरा निघाल्यावर ही गणितं बदलतात, ते नंतर बोलू.

अर्धाएकर
क्षेत्र लहान असेल तर मोजता मोजताच मारता येतात. अंडीपुंज पानावर सहज दिसतात, वर करड्या-पांढऱ्या केसांचा थर असतो. एका पुंजात १०० ते २०० अंडी, म्हणजे एक पुंज चिरडला तर तेवढ्या अळ्या तिथेच संपल्या. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा फेरी मारली तर पुढचं ओझं खूप कमी होतं. हे मोठ्या शेतात जमत नाही, मान्य.

मोठ्या अळ्यांसाठी पोंग्यात बारीक वाळू आणि चुना ९:१ प्रमाणात मिसळून चिमूटभर टाकतात.

निंबोळी
रसायनाकडे वळण्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीची पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबणाचा चुरा घालून एकूण १०० लिटर करायचं. तयार अझाडिरॅक्टिन (निंबोळीतलाच घटक) १५०० पीपीएम घेतलं तर लिटरला ५ मिली. संध्याकाळी फवारा, ऊन लागलं की त्याचा जोर कमी होतो.

दोनपंप
निंबोळी अर्कानं मोठी अळी मरत नाही ताई. माझ्या डोळ्यांदेखत ती अर्कात न्हाऊन पान खात बसली होती.

निंबोळी
मोठ्या अळीसाठी मी सुचवलेलाच नाही दादा. पतंग अंडी घालायला कचरतात, लहान अळ्यांचं खाणं मंदावतं आणि कात टाकताना त्या मरतात. पोंग्यात भुसा साचल्यावर अर्क मारून ‘चालत नाही’ म्हणणं बरोबर नाही.

कीटकवाचक
दोघांचंही बरोबर आहे. सगळा घोळ अळीच्या वयात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अंड्यातून दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. पुढे साधारण दोन ते तीन आठवड्यांत तिच्या सहा अवस्था होतात. आयुष्यभरात ती जेवढं खाते त्यातला पहिल्या तीन अवस्थांचा वाटा २ टक्क्यांच्याही आत असतो. तीन-चतुर्थांशाहून जास्त खाणं एकट्या शेवटच्या अवस्थेत होतं. म्हणून ‘काल काही नव्हतं, आज शेत खाल्लं’ असं वाटतं. काल अळ्या होत्याच, फक्त दिसेल एवढं खात नव्हत्या.

लहानपणी त्या पानाचा हिरवा थर खरवडतात, म्हणून ते पारदर्शक चट्टे. रेशमासारख्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं शेजारच्या झाडांवरही जातात. मोठ्या झाल्या की पोंग्यात शिरतात आणि एकमेकींना खातात, त्यामुळे शेवटी बहुतेक पोंग्यात एकच धष्टपुष्ट अळी सापडते. तिच्यावर स्वतःच्याच विष्ठेचं बूच बसलेलं असतं. औषध त्या बुचावर पडतं आणि अळी खाली शाबूत राहते. मग औषधाला नावं ठेवली जातात.

त्यामुळे चट्टे दिसण्याच्या टप्प्यावर जे काही माराल ते लागू पडतं. बूच बसल्यावर चांगलं औषधही निम्मं वाया जातं.

मकाप्रेमी
वाचनखूण साठवली. 🌽

रानवारा
सकाळी डब्ल्यू चाललो. १०० झाडांत १४ वर ताजं नुकसान. त्यातल्या नऊ झाडांवर नुसते चट्टे आणि लहान अळ्या, पाच झाडांच्या पोंग्यात बूच बसलेलं. डोक्यावरची रेघ आणि चार ठिपके दोन्ही दिसले. खोडकिड्याची झाडं तीन, ती उपटली. आता?

पोंगापंडित
१४ म्हणजे फवारणीच्या पट्ट्यात आलात, आणि बहुतेक अळ्या लहान आहेत. हीच वेळ आहे.

पर्याय तीन, यातला एकच निवडा. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. किंवा क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी लिटरला ०.४ मिली. किंवा स्पिनेटोरम ११.७ एससी लिटरला ०.५ मिली. डब्यावरच्या लेबलवर मका आणि ही कीड लिहिलीय का बघा, प्रमाणात फरक असेल तर लेबलचं ऐका, माझं नाही.

आता औषधाहून महत्त्वाचं. अळी रात्री वर येऊन खाते, म्हणून फवारणी संध्याकाळी किंवा अगदी पहाटे. नोझल पोंग्याच्या तोंडावर रोखून ओळीनं चालायचं. हात हवेत फिरवत चालणाऱ्याचं अर्धं औषध ओळींमधल्या मातीवर पडतं. पानं नुसती ओली झाली म्हणजे काम झालं असं नाही, द्रावण पोंग्यात उतरायला हवं.

बूच बसलेल्या पाच झाडांसाठी आमिष करा. १० किलो भाताचा कोंडा आणि २ किलो गूळ, दोन-तीन लिटर पाण्यात कालवून २४ तास आंबवायचं. टाकण्याच्या अर्धा तास आधी त्यात १०० ग्रॅम थायोडीकार्ब हे कीटकनाशक मिसळायचं आणि बारीक गोळ्या पोंग्यात सोडायच्या. हे माप एकराचं आहे, तुम्हाला थोडंच लागेल. हातमोजे घालूनच. आणि कोंबड्या, गुरं, कुत्री तिथे फिरकणार नाहीत याची खात्री असेल तरच; गुळाच्या वासानं जनावर येतं. खरं तर पाचच टक्के झाडं असतील तर हातानं वेचणं सोपं.

रानवारा
आणि तीन औषधं मिसळण्याचं काय? सांगणारा छातीठोकपणे सांगत होता.

कीटकवाचक
नको. तीन औषधं मारली म्हणून अळी तीनदा मरत नाही. खर्च वाढतो, पिकाला चटका बसू शकतो, मित्रकिडी साफ होतात. आणि तीनही गट (गट म्हणजे अळीला एकाच पद्धतीनं मारणारी औषधं) एकदम वापरून बसलात तर पुढच्या पिढीसाठी हातात काय राहणार?

या अळीची औषध पचवण्याची ख्याती आहे. प्युर्टो रिकोत २००६ च्या सुमारास बीटी मक्यातल्या (बीटी जिवाणूचं जनुक घातलेला मका) क्राय१एफ या अळीमारक प्रथिनालाही ती दाद देईनाशी झाली. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत, २०१८ मध्ये भारतात, २०१९ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात सापडली. पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. आपण एका शेतात घडवलेली प्रतिकारशक्ती बांधावर थांबत नाही.

पुढच्या फवारणीला नुसतं डब्यावरचं नाव बदलू नका, गट बदला. इमामेक्टिन, स्पिनेटोरम आणि क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल हे तिन्ही वेगवेगळ्या गटांतले आहेत. पण बाजारात एकाच घटकाची बरीच नावं असतात, म्हणून बारीक अक्षरातला घटक वाचा.

दोनपंप
ठीक आहे, गट बदलायचं पटलं. पण फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी वळवळताना दिसली की माणूस पुन्हा पंप उचलतो, हे पण लिहा.

कीटकवाचक
चांगला मुद्दा. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोलनं अळीचे स्नायू लुळे पडतात. खाणं काही तासांतच थांबतं, पण मरायला दोन-चार दिवस जातात. इमामेक्टिनचंही तसंच. अळी जिवंत आहे का यापेक्षा ताजी विष्ठा आहे का ते बघा. पोंगा कोरडा असेल तर ती मेल्यातच जमा. तीन-चार दिवसांनी पुन्हा डब्ल्यू चाला, मग ठरवा.

सावकाश
सगळे फवारणीवर बोलताय, म्हणून ‘मका आपोआप सावरतो’ म्हणणाऱ्याची बाजू मांडतो. तो पूर्ण चुकीचा नाही.

साधारण सहा पानांपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली असतो. वरची पानं फाटली तरी झाड पुन्हा पानं काढतं. पोंग्याच्या काळात पानं कितीही भेसूर दिसोत, उत्पादनातली घट दिसते त्यापेक्षा बरीच कमी असते. खत-पाणी नीट असेल तर आणखी कमी. जोराचा पाऊस झाला तर पोंग्यात पाणी साचून लहान अळ्या बुडतात, फुकटात काम होतं. म्हणून पावसाचा अंदाज असेल तर एक दिवस थांबायला हरकत नाही, नाहीतर औषधही धुऊन जातं.

पण ‘सावरतो’ला मर्यादा आहेत. अळीनं कोंबच खाल्ला, किंवा रोपं अगदी लहान असताना ती बुडाशी कुरतडली, तर सावरायला काही उरत नाही. आणि कणसात शिरली तर नुकसान थेट दाण्याचं.

शिवाय मित्रकिडी. पोंग्यावर पांढरी पडून ताठ झालेली अळी चिकटलेली दिसली, नंतर तिच्यावर हिरवट भुकटी आली, तर ती मेटारायझियम रिलेयी बुरशी आहे. डोकं खाली करून लोंबकळणारी, काळपट, फुटली की पाणी निघणारी अळी विषाणूनं मेलेली असते. अशा अळ्या बऱ्याच दिसत असतील तर मी फवारणी पुढे ढकलीन. पोंग्यात चिमट्यासारख्या शेपटीचा कीटक दिसला तर मारू नका, तो अंडी आणि लहान अळ्या खातो.

रानवारा
बुरशीची एकच अळी दिसली. त्यावर भरवसा ठेवणं जोखमीचं वाटतंय.

सावकाश
एकीवर नकोच. १४ टक्के आणि लहान अळ्या असताना मीही फवारलं असतं. पण तीन नव्हे, एक.

निंबोळी
बुरशी विकतही मिळते. मेटारायझियम ॲनिसोप्ली लिटरला ५ ग्रॅम, हवेत ओलावा असताना आणि संध्याकाळी. बीटी कुर्स्टाकी, म्हणजे अळी मारणारा जिवाणू, लिटरला २ ग्रॅम. बुरशीनाशकाच्या पंपातून बुरशी फवारणारे लोक पाहिलेत, म्हणून सांगते: पंप आधी स्वच्छ धुवा.

कणीसवाला
माझ्याकडे तुरा येऊन गेला, कणसाला केस फुटलेत आणि केसांवर अळी दिसतेय. यावर काय मारू?

पोंगापंडित
आता रासायनिक फवारणी शक्यतो टाळा. उंच पिकात फवारणाऱ्याच्याच नाकातोंडात जास्त औषध जातं, कणसाच्या पाल्याआड अळीपर्यंत पोचत नाही, काढणीही जवळ आलेली असते. तुऱ्यावर पराग गोळा करायला मधमाश्याही येतात.

केसांवर दोन प्रकारच्या अळ्या असू शकतात. एक हिरवी घाटेअळी, हेलिकोव्हर्पा; तिचा पतंग ताज्या केसांवर एकेक अंडं घालतो आणि अळी शेंड्याकडून आत जाते. नवीन लष्करी अळी पुष्कळदा पाल्याला बाजूनं भोक पाडून शिरते. केस वाळून तपकिरी झाले असतील तर परागीभवन उरकलंय, केस खाल्ल्यानं दाणे भरायचे राहणार नाहीत. केस ताजे असतील तर अळ्या वेचा किंवा बीटी फवारा. स्वीट कॉर्न किंवा बेबी कॉर्न असेल तर रसायनाचं नावच नको, काढणीला दिवस किती राहतात?

कणीसवाला
केस तपकिरी झालेत. वेचून घेतो.

मकाप्रेमी
अवांतर: साठवलेल्या मक्यात सोंडे होतात त्यावर उपाय?

अर्धाएकर
वेगळा धागा काढा हो. पण थोडक्यात: दाणा नीट वाळवा, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणा, जुना माल आणि नवा माल एकत्र ठेवू नका.

रानवारा
काल संध्याकाळी क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल मारलं, एकटंच. मोठ्या अळ्या आधी हातानं काढल्या. आता पुढच्या हंगामाचं विचारतो. हे सगळं होऊच नये म्हणून पेरणीपासून काय करता येईल?

कीटकवाचक
होऊच नये असं काही नाही, कमी करता येतं.

आधीच्या पिकाची धसकटं शेतात ठेवू नका. खोडकिड्याची अळी प्रतिकूल काळ धसकटात झोपून काढते. लष्करी अळी मात्र अशी झोपत नाही, ती जमिनीत दोन ते आठ सेंटीमीटरवर कोषात जाते. खोल नांगरट केली की कोष वर येतात, ऊन आणि पक्षी बाकीचं बघतात.

परिसरात पेरणी शक्यतो एकाच सुमारास व्हावी. मागं-पुढं पेरलेल्या शेतांत पतंगांना सतत कोवळा पोंगा मिळत राहतो आणि सर्वांत उशिरा पेरलेल्या शेताला सगळ्यांच्या पिढ्या भोगाव्या लागतात.

बीजप्रक्रिया: सायअँट्रानिलीप्रोल १९.८ अधिक थायामेथोक्झाम १९.८ एफएस, किलो बियाण्याला ४ मिली. साधारण पहिले दोन-तीन आठवडे संरक्षण मिळतं. नंतर मिळत नाही, त्यामुळे ‘बियाण्याला औषध लावलंय’ म्हणून फेरी बंद करू नका.

कामगंध सापळे (मादीच्या वासानं नराला ओढणारे) एकरी पाच, उगवणीच्या आधीच लावा. ते टेहळणीसाठी आहेत. नर पतंग अडकायला लागले की पानांखाली अंडी शोधायला सुरुवात करायची. पाच सापळ्यांनी कीड संपेल ही अपेक्षा नको.

निंबोळी
किडीच्या अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या राहिल्या. खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा कायलोनिसची कार्डं (तिनं आधीच टोचलेली अंडी चिकटवलेले कागद) उगवणीनंतर १०-१२ दिवसांनी. लष्करी अळीसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम किंवा टेलेनोमस रेमस, एकरी ५०,०००, आठवड्याच्या अंतरानं. अंड्यांवर केसांचा थर जाड असेल तर ट्रायकोग्रामा आतल्या अंड्यांपर्यंत पोचत नाही, टेलेनोमस पोचते. कार्डं सोडल्यावर निदान काही दिवस रसायन बंद.

सावकाश
मक्यात चवळी, तूर किंवा मूग आंतरपीक आणि कडेनं तीन-चार ओळी नेपियर गवत. पतंग गवतावरही अंडी घालतात, पण खोडकिड्याच्या बऱ्याच अळ्या त्यावर वाढत नाहीत. केनियातल्या ‘इसिपे’ या कीटकसंशोधन संस्थेनं हीच कल्पना पुढे नेली: आत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती, तिच्या वासानं पतंग दूर जातात, आणि कडेला ओढून घेणारं गवत. आधी खोडकिड्यासाठी केली होती, पुढे लष्करी अळीवरही उपयोग दिसला. गवताचा चारा होतो हा वेगळा फायदा.

एकरी दहाएक पक्षीथांबे पहिल्या महिन्यात लावा. मका उंच झाला की त्यांचा उपयोग संपतो.

दोनपंप
नेपियर लावायचं म्हणजे तेवढ्या ओळी मका कमी. कागदावर सोपं आहे.

सावकाश
गुरं असतील तर चारा लागतोच की. नसतील तर सोडून द्या, आंतरपीक तरी करा.

रानवारा
चाऱ्यावरून आठवलं. उपटलेली आणि विरळणीची ताटं गुरांना घालू का? फवारणी होऊन गेलीय.

पोंगापंडित
फवारलेली नको. लेबलवर फवारणी आणि काढणी यातलं अंतर दिलेलं असतं, तेवढे दिवस चाराही बंद. आधी उपटलेली खोडकिड्याची झाडं चालतील, पण ती पूर्ण कुट्टी करून लगेच घाला. बांधावर ढीग ठेवलात तर खोडातली अळी तिथेच कोष करून पतंग होईल. आणि तीन दिवसांनी नवीन मोजणी इथेच टाका, जुनी भोकं वगळून.